किनाऱ्यावरचा आरोप आणि नागपूरचे डिझेल

देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेण्याचे काम स्वतःच्या ध्वजाच्या जहाजांसाठी राखून ठेवण्याच्या पद्धतीला नौवहनाच्या परिभाषेत ‘कॅबोटाज’ म्हणतात. भारतात ही पद्धत १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने दीर्घकाळ अमलात होती. २०२५ मध्ये संसदेने किनारी नौवहनासाठी स्वतंत्र कायदा केला, भारतीय जहाजांना वेगळ्या परवान्याच्या अटीतून मोकळे केले, परंतु परदेशी जहाजाला परवान्याशिवाय किनारी व्यापार करता येणार नाही हे मूळ तत्त्व कायम ठेवले. या तत्त्वावर एक आरोप सातत्याने होतो. भारतीय जहाजे थोडी आणि महाग असल्याने किनाऱ्यावरून तेल नेण्याचा खर्च वाढतो, तो खर्च पेट्रोल-डिझेलच्या किमतीत उतरतो आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या विदर्भातल्या ग्राहकालाही तो भरावा लागतो. तेव्हा किनारा परदेशी जहाजांना पूर्ण मोकळा करावा, म्हणजे इंधन स्वस्त होईल आणि अर्थव्यवस्थेवरचा भार कमी होईल, असा त्याचा आशय आहे. प्रस्तुत लेख या प्रतिपादनाचा प्रतिवाद करतो. नागपुरातल्या इंधनाच्या किमतीशी किनारी निर्बंधांचा संबंध नगण्य आहे. ती किंमत कर, दर ठरवण्याचे सूत्र आणि जमिनीवरची वाहतूक या तीन गोष्टींनी घडते, आणि या तिन्हींकडे डोळेझाक करून किनाऱ्याला दोष देणे विदर्भाच्या व देशाच्याही हिताचे नाही.

हा प्रश्न नागपूरला दूरचा वाटण्याचे कारण नाही. महाल, इतवारी, गांधीबाग या जुन्या व्यापारी वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या डाळीपासून कापडापर्यंत बहुतेक मालाचा शेवटचा, आणि अनेकदा सर्वांत लांबचाही, प्रवास ट्रकने होतो. देशाच्या मध्यावर असल्याचा लाभ नागपूरला वाहतुकीचे केंद्र म्हणून मिळतो, परंतु त्याच कारणाने डिझेलच्या दरातली प्रत्येक वाढ येथल्या बाजारभावात लवकर उतरते. दुसरे असे की किनारी निर्बंध सैल करणारे अलीकडचे सर्वांत मोठे निर्णय ज्या काळात झाले, त्या २०१४ ते २०१९ या काळात केंद्रातले नौवहन खाते महालातल्या गडकरी वाड्यातून राजकारणात आलेल्या नितीन गडकरी यांच्याकडे होते. त्यामुळे या धोरणाने काय साधले आणि काय साधणे त्याच्या आवाक्यातच नव्हते, याचा हिशेब महालातल्या वाचकाने मांडणे सर्वस्वी उचित ठरते.

प्रतिपक्षाची भूमिका प्रथम तिच्या पूर्ण बळासह मांडली पाहिजे. तिचा मुख्य आधार अमेरिकेच्या अनुभवात आहे. अमेरिकेत १९२० च्या मर्चंट मरीन कायद्यातील ‘जोन्स अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलमानुसार दोन अमेरिकी बंदरांमधली वाहतूक करणारे जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे, अमेरिकी ध्वजाचे आणि प्रामुख्याने अमेरिकी खलाशांनी चालवलेले असावे लागते. अमेरिकी गोद्यांत जहाज बांधण्याचा खर्च कोरियातल्या खर्चाच्या कित्येक पट असल्यामुळे अशी जहाजे मोजकी राहिली, त्यांचे भाडे चढे राहिले, आणि मेक्सिकोच्या आखाताकाठचे तेलशुद्धीकरण कारखाने आपले इंधन परदेशी पाठवत असताना त्याच देशाचा ईशान्य किनारा परदेशातून इंधन मागवतो, असे विपरीत चित्र निर्माण झाले. हवाई आणि पोर्टो रिको ही बेटे या नियमाची किंमत वर्षानुवर्षे मोजत आली आहेत, आणि २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्टो रिकोपुरता हा नियम काही दिवस स्थगित करावा लागला होता. बंदिस्त किनारपट्टी इंधन महाग करू शकते, हे अमेरिकेपुरते खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

तथापि अमेरिकेचा निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लावणे हा पहिला आणि मूलभूत दोष आहे. अमेरिकेतली महागाई ज्या अटीमुळे उद्भवते, ती जहाज स्वदेशातच बांधलेले असण्याची अट भारतीय कायद्यात नाही. भारतीय कंपनी कोरियात, जपानात किंवा चीनमध्ये बांधलेले जहाज, नवे वा जुने, विकत घेऊन भारतात नोंदवू शकते आणि लगेच किनारी व्यापारात उतरवू शकते. म्हणजे जहाजाच्या भांडवली किमतीत अमेरिकेसारखी दरी पडत नाही. शिवाय भारतातला निर्बंध सरसकट बंदीच्या स्वरूपाचा नाही. योग्य भारतीय जहाज उपलब्ध नसेल तेव्हा परदेशी जहाज भाड्याने घेण्याचा परवाना नौवहन महासंचालनालय देते, आणि तेल कंपन्या ही वाट नेहमीच वापरत आल्या आहेत.

या व्यवस्थेचा कणा ‘राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल’ नावाची तरतूद आहे. तेल कंपनीने जहाजासाठी निविदा काढली आणि परदेशी जहाजाचा दर सर्वांत कमी आला, तर त्याच दरात तेच काम करण्याची पहिली संधी भारतीय जहाजाला दिली जाते. भारतीय मालक त्या दराला तयार झाला तर काम त्याला मिळते, नाही तर परदेशी जहाजाला परवाना मिळतो. याचा अर्थ असा की निविदेत परदेशी जहाजे उतरलेली असतात तेथे तेल कंपनीने मोजलेले भाडे परदेशी जहाजाच्या नीचतम दरापेक्षा अधिक नसते. प्रतिपक्ष यावर एक ग्राह्य आक्षेप घेऊ शकतो : आपला दर भारतीय मालक शेवटी गाठणारच हे ठाऊक असल्यामुळे काही परदेशी मालक निविदा भरण्याचे कष्टच घेत नाहीत आणि स्पर्धा क्षीण होते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा परिणाम भाड्यावर काही प्रमाणात होत असणार हेही मान्य केले पाहिजे. परंतु भाड्यात पडणारा असा फरक आणि पंपावरच्या किमतीत पडणारा फरक यांच्यात जे अंतर आहे, ते प्रतिपक्ष मोजत नाही.

ते अंतर मोजण्यासाठी इंधन नागपूरपर्यंत कोणत्या वाटेने येते हे पाहणे आवश्यक आहे. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, आणि परदेशी बंदरातून भारतीय बंदरात येणारे हे तेल आंतरराष्ट्रीय व्यापारात मोडत असल्याने किनारी निर्बंध त्याला लागूच होत नाहीत. हे तेल मुंबईतल्या माहुलच्या कारखान्यांत किंवा अन्यत्र शुद्ध झाल्यावर नागपूर परिसरातल्या डेपोंकडे रेल्वेसारख्या जमिनीवरच्या मार्गाने येते आणि डेपोतून पंपापर्यंत टँकरने जाते. किनारी जहाजांची खरी गरज जामनगर, वाडिनार, मंगळूर यांसारख्या ठिकाणचे अतिरिक्त उत्पादन दक्षिणेकडच्या व पूर्वेकडच्या बंदरांत पोहोचवण्यासाठी असते. मुंबईहून विदर्भात येणाऱ्या इंधनाच्या साखळीत दोन भारतीय बंदरांमधल्या जहाजाचा टप्पा येत नाही, आणि जो टप्पा अस्तित्वातच नाही त्याच्या खर्चाने किंमत वाढण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

प्रतिपक्ष येथे असे म्हणू शकतो की देशाच्या एका भागातला वाहतूक खर्च तेल कंपन्या सर्वत्र वाटून घेतात, म्हणून किनाऱ्यावरचा खर्च अप्रत्यक्षपणे नागपूरवरही पडतो. या युक्तिवादाला उत्तर किंमत ठरवण्याच्या सूत्रात आहे. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर २००६ पासून कारखान्याच्या दारातली पेट्रोल-डिझेलची किंमत ‘ट्रेड पॅरिटी’ तत्त्वावर मोजली जाऊ लागली, म्हणजे हेच इंधन परदेशातून आयात केले असते तर बंदरात किती रुपयांना पडले असते या रकमेला ८० टक्के आणि ते निर्यात केले असते तर किती मिळाले असते या रकमेला २० टक्के वजन देऊन किंमत काढली जाऊ लागली. आयातीच्या या काल्पनिक हिशेबात अरबी आखातातला बाजारभाव, तेथून भारतीय बंदरापर्यंतचे जहाजभाडे, विमा आणि सीमाशुल्क हे सारे धरलेले असते, मग प्रत्यक्षात ते इंधन माहुललाच शुद्ध झालेले का असेना. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, जून २०१७ पासून ते रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली, तरी आंतरराष्ट्रीय भाव हाच हिशेबाचा पाया राहिला. अशा व्यवस्थेत एखाद्या तेल कंपनीने किनारी भाड्यात बचत केली, तर ती बचत प्रथम तिच्या नफ्यात जमा होते. ती ग्राहकापर्यंत यावी अशी सक्ती या सूत्रात कोठेही नाही.

किमतीचा खरा भार कोठे आहे, हे करांकडे पाहिले की स्पष्ट होते. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात सर्वत्र पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अतिरिक्त कर, तर डिझेलवर २१ टक्के मूल्यवर्धित कर, अशी रचना झाली. केंद्राचे उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ मधल्या वाढीनंतर पेट्रोलवर लिटरमागे २१ रुपये ९० पैसे आणि डिझेलवर १७ रुपये ८० पैसे झाले. नागपुरातली २०२५ मधली पेट्रोलची किंमत १०४ रुपयांच्या आसपास धरून ढोबळ हिशेब केला, तर राज्याचा कर २४-२५ रुपये भरतो आणि दोन्ही कर मिळून ४६-४७ रुपये होतात. राज्याचा मूळ कर टक्केवारीत असल्यामुळे जगाच्या बाजारात भाव चढून मूळ किंमत ४ रुपयांनी वाढली की कर आपोआप आणखी १ रुपयाने वाढतो, आणि महागाईच्या काळातच राज्याची तिजोरी अधिक भरते.

किनारी निर्बंध आणि कर यांपैकी किंमत कोण हलवते, याची परीक्षा गेल्या काही वर्षांच्या घटनाक्रमाने करून ठेवली आहे. २०२० मध्ये जगात तेलाचे भाव कोसळले असता केंद्राने मार्च आणि मे महिन्यांत मिळून पेट्रोलवरचे शुल्क १३ रुपयांनी व डिझेलवरचे १६ रुपयांनी वाढवले, आणि स्वस्त तेलाचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ते अनुक्रमे ५ व १० रुपयांनी आणि मे २०२२ मध्ये ८ व ६ रुपयांनी घटवले गेले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची कपात केली. या प्रत्येक कपातीचा परिणाम लगेच पंपावर दिसला. या संपूर्ण काळात इंधनाच्या किनारी वाहतुकीचे मूळ तत्त्व बदललेले नव्हते. जे कारण स्थिर राहिले, त्यावर इतक्या मोठ्या चढउतारांचे खापर फोडता येत नाही, हा तर्कशास्त्राचा साधा नियम आहे.

तरीही प्रतिपक्षाला सर्वाधिक अनुकूल असे एक उदाहरण घेऊन पाहावे. किनाऱ्यावरून डिझेल नेण्याचे भाडे टनामागे १,००० रुपये आहे आणि किनारा मोकळा केल्याने ते एक चतुर्थांशाने उतरेल, असे केवळ हिशेबापुरते गृहीत धरू. एका टनात साधारण १,२०० लिटर डिझेल असते, म्हणजे भाडे लिटरमागे सुमारे ८३ पैसे आणि बचत सुमारे २१ पैसे होते. तीही जे डिझेल जहाजाने जाते त्याच्यापुरती आणि कंपनीने ती ग्राहकाला दिली तरच. सारे भाडे शून्यावर आले असे मानले तरी लिटरमागे १ रुपयादेखील वाचत नाही. पेट्रोलवरचा राज्याचा केवळ अतिरिक्त कर ५ रुपये १२ पैसे असताना काही पैशांच्या संभाव्य बचतीसाठी देशाची किनारी जहाजवाहतूक पणाला लावावी, हा सल्ला अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

वाहतूक खर्चाचाच विचार करायचा तर महाराष्ट्रातले बोलके उदाहरण समुद्रावर नसून जमिनीवर, परभणीत आहे. परभणीला इंधन मनमाडच्या डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकरने आणावे लागते आणि म्हणून तेथले दर राज्यात नेहमी सर्वांत चढ्या दरांत मोडतात. राज्यात पेट्रोलने शंभरी प्रथम ओलांडली त्या मोजक्या शहरांत २०२१ मध्ये परभणीचे नाव होते. जवळचा डेपो, रेल्वेची सोय किंवा तेलवाहिनी यांच्या अभावाची ही किंमत आहे. नागपूरची स्थिती परभणीपेक्षा बरी आहे, कारण इंधनाचे डेपो शहराजवळ आहेत. म्हणूनच मुंबईपासून आठशे किलोमीटर दूर असूनही येथला दर मुंबईपेक्षा साधारण रुपयाभरानेच अधिक राहतो. अंतर जमिनीवर कसे कापले जाते यावर दर ठरतो, हे या तुलनेतून सिद्ध होते.

अर्थव्यवस्थेवरच्या परिणामाचा विचार केला तर करांचा मुद्दा आणखी गंभीर होतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा खनिज तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. कारखानदार कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट पुढच्या करातून मिळवू शकतो, परंतु डिझेलवर भरलेल्या कराची वजावट कोणालाच मिळत नाही. त्यामुळे हा कर वाहतूकदाराच्या भाड्यात, भाडे मालाच्या किमतीत आणि त्या किमतीवर पुन्हा कर, असा करावर कर चढत जातो. बुटीबोरीच्या कारखान्यातून निघालेला माल असो की कळमन्याच्या बाजारात आलेला संत्रा, त्याच्या प्रत्येक फेरीत हा न दिसणारा कर भरला जातो. याउलट जहाजांच्या इंधनावरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला आणि त्याने किनारी वाहतुकीला खरा दिलासा दिला. समुद्रावरचा भार करकपातीने हलका करता येतो हे ज्या शासनाला उमगले, त्याने रस्त्यावरच्या डिझेलला तोच न्याय का लावू नये, याचे उत्तर किनारा मोकळा करा म्हणणाऱ्यांनी दिलेले नाही.

निर्बंध सैल केल्याने काय मिळू शकते, हेही मे आणि जून २०१८ च्या निर्णयांवरून समजते. त्या निर्णयांनी परदेशी जहाजांना आयात-निर्यातीचे कंटेनर एका भारतीय बंदरातून दुसऱ्या मोठ्या बंदरात आणून तेथे मोठ्या जहाजावर चढवण्याची, रिकामे कंटेनर हलवण्याची, तसेच काही अटींवर शेतमाल आणि खते नेण्याची मुभा परवान्याविना दिली. भारताचे कंटेनर कोलंबो आणि सिंगापूरच्या बंदरांत जाऊन जहाज बदलत होते, ती अडचण कमी करणे हा त्यामागचा रास्त हेतू होता, आणि कंटेनरमधून माल पाठवणाऱ्या नागपूरच्या निर्यातदारालाही अशा सुधारणेचा लाभ होऊ शकतो. म्हणजे जेथे निर्बंध खरोखर आड येत होता, तेथे तो मर्यादित आणि नेमक्या स्वरूपात हटवला गेला. पेट्रोल-डिझेल त्या सवलतींत नव्हते. नेमकी अडचण ओळखून नेमकी सूट देण्याची ही पद्धत योग्य आहे. तिच्या यशाचा दाखला देऊन सरसकट मोकळीक मागणे हा तर्काचा विपर्यास आहे.

किनारा राखून ठेवण्यामागचा इतिहासही विसरता येत नाही. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीला संपवण्यासाठी ब्रिटिश कंपन्यांनी भाडी तोट्यात जाईपर्यंत खाली आणली, आणि १९२३ मध्ये सिंदियाला आपल्या जहाजांच्या वाढीवर मर्यादा घालणारा करार स्वीकारावा लागला. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक भारतीयांसाठी राखण्याचे विधेयक मांडले, परंतु परकीय सत्तेखाली ते तडीस गेले नाही. बलाढ्य कंपनी स्पर्धक संपेपर्यंतच स्वस्त भाडे आकारते, हा धडा ती पिढी स्वतःच्या भांडवलाची किंमत देऊन शिकली होती, आणि स्वातंत्र्यानंतरचे किनारी धोरण त्या धड्यातून जन्माला आले.

आजच्या काळातही त्या धड्याला पुरावा आहे. जेथे संरक्षण नाही त्या परदेश व्यापारात भारतीय जहाजांचा वाटा केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार १९८७-८८ मधल्या ४०.७ टक्क्यांवरून २०१८-१९ मध्ये सुमारे ७.८ टक्क्यांवर घसरला, आणि तो सावरण्यासाठी जुलै २०२१ मध्ये सरकारी मालाच्या वाहतुकीसाठी १,६२४ कोटी रुपयांची अनुदान योजना मंजूर करावी लागली. करोनाकाळात जगभर कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडी अनेक पट वाढली, तेव्हा परदेशी जहाजे जेथे अधिक भाडे मिळेल तेथे वळली. त्यांच्या मालकांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. किनाऱ्यावरची शेवटची राखीव वाहतूकही गेली, तर अशा प्रसंगी चेन्नई किंवा अंदमानपर्यंत डिझेल पोहोचवण्यासाठी देशाला हक्काने बोलावता येईल असे टँकर उरणार नाहीत. भारतीय ध्वजाची जहाजे नव्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना प्रशिक्षणाची जागा देतात, कोकणातल्या अनेक कुटुंबांची उपजीविका या व्यवसायावर आहे, आणि काही पैशांच्या अनिश्चित बचतीपुढे या गोष्टींचे मोल कितीतरी अधिक आहे.

याचा अर्थ सध्याची व्यवस्था निर्दोष आहे असा नाही. परवान्याचा निर्णय ठरलेल्या मुदतीत आणि उघड कारणांसह झाला पाहिजे, भारतीय जहाज खरोखर उपलब्ध नसताना कागदोपत्री आडकाठी होता कामा नये, आणि परदेशी मालकांना निविदा भरण्यात रस राहील अशी पहिल्या संधीच्या नियमाची दुरुस्ती झाली पाहिजे. भारतीय जहाजावर कर्जाच्या व्याजाचा आणि करांचा जो अधिक भार पडतो तो परदेशी जहाजाच्या पातळीवर आणला, तर भाडे खाली येईल आणि ध्वजही टिकेल. या सुधारणांची मागणी करणारा कोणीही भारतीय नौवहनाचा हितचिंतकच ठरेल.

विदर्भातल्या ग्राहकाने आणि व्यापाऱ्याने मात्र आपली मागणी योग्य दारी नेली पाहिजे. डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणण्याची तारीख संबंधित परिषदेने ठरवावी, तोवर राज्याने मूल्यवर्धित कराला प्रतिलिटर ठरावीक रकमेची मर्यादा घालावी, तेल कंपन्यांनी प्रत्येक शहरातल्या दराची फोड, म्हणजे मूळ किंमत, वाहतूक, दलाली आणि दोन्ही कर, नियमितपणे प्रसिद्ध करावी, आणि मराठवाड्यासह मध्य महाराष्ट्राला तेलवाहिन्या व रेल्वेने जोडावे, या त्या मागण्या होत. यांतली प्रत्येक गोष्ट दिल्ली आणि मुंबईत बसलेल्या शासनांच्या व तेल कंपन्यांच्या अधिकारात आहे, आणि तिचा परिणाम पैशांत नव्हे, रुपयांत मोजता येण्याजोगा आहे. किनारा मोकळा करण्याची घोषणा या जबाबदारीतून सुटण्याची सोयीस्कर वाट शासनकर्त्यांना देते. नागपूरने ती वाट त्यांना देऊ नये.